आठ भेल्यांचा नवस

वजनकाट्यातला सेल काढून मोहिनीनं तांदळाच्या डब्यात पुरला, त्याला आता तीन महिने होत आले होते. काटा बिघडला, असं तिनं घरात जाहीर केलं होतं. ज्या घरात तीन पिढ्या गूळ, तेल आणि तूरडाळ तोलण्यात गेल्या, तिथं खरं तर ही थाप पचायला नको होती. पण न्हाणीघराच्या दाराशी ठेवलेला तो काचेचा चौकोन या घरच्या पुरुषांच्या लेखी काटा नव्हताच. "चायनाचा माल," एवढंच तिचा नवरा धर्मेंद्र म्हणाला होता आणि पुन्हा चहा प्यायला लागला होता.

आज मात्र खरा काटा बाहेर निघाला होता. पिपरीतल्या घरामागे, गोदामाच्या पत्र्याखाली, डोमाजी सकाळी सातपासून सासऱ्यांच्या वेळचा मोठा तराजू टांगत होता. डोमाजी दुकानाचा जुना मापाडी. त्यानं दांडीला तेल दिलं, साखळ्या पुसल्या, जेवणाच्या पाटाहून मोठी दोन लाकडी पारडी धुऊन घेतली. रिकाम्या तराजूचा काटा मधोमध उभा राहिला तेव्हा तो अंगणातल्या सगळ्यांकडे पाहून अभिमानानं हसला. बाजूच्या ओट्यावर हळदकुंकू लावून नव्या गुळाच्या दहा-दहा किलोच्या आठ भेल्या मांडल्या होत्या.

आठ भेल्या म्हणजे ऐंशी किलो. आणि मोहिनी होती अठ्ठ्याऐंशी. गेल्या आठवड्यात घरात कोणी नसताना तिनं सेल घालून एकदाच पाहिलं होतं, आणि मग तो आधीपेक्षाही खोल पुरला होता.

हा सगळा घोळ सासूबाईंच्या मायेतून झालेला. मागच्या माघात सावंगीच्या डॉक्टरांनी मोहिनीचे गुडघे दाबून पाहिले आणि सांगितलं, आधी वजन उतरवा, मग बोलू. तेव्हा ती ब्याण्णव होती. ते ऐकून मनकर्णाबाई तडक गिरडला गेल्या, टेकडी चढल्या, आणि शेख फरीदबाबांच्या दर्ग्यासमोर पदर पसरून बोलून आल्या, की माह्या सुनेचं वजन ऐंशीवर येऊ दे, तिच्या भारोभार गूळ तोलीन आन तुह्या दारी वाटीन. सून बारीक व्हावी म्हणून तिच्याएवढा गूळ बोलणारी सासू अख्ख्या वर्धा जिल्ह्यात ही एकच असावी. पण हसणार कोण? थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा सगळा माल बाबांनी दगड करून टाकला, अशी त्या टेकडीची गोष्ट. गुळाचा धंदा करणारं हे घर बाबांच्या बाबतीत फार जपून वागत असे.

आणि नवस फळला. भादव्यात मोहिनी ऐंशीवर आली. मनकर्णाबाईंनी हिंगणघाटपासून पुलगावपर्यंत नातेवाइकांना फोन केले. फक्त गूळतुला थांबली, कारण मागल्या सालच्या गुळानं नवस फेडायचा नसतो. नवा गूळ यायला दिवाळी उलटावी लागते, आणि तेवढ्यात दसऱ्याला या घरातली चूल वेगळी झाली.

चूल धाकट्या नीलेशची वेगळी झाली. त्याला सावंगीच्या चौकात आपलं दुकान हवं होतं, धर्मेंद्रला ते नको होतं. दोघं भाऊ आठ दिवस भांडले आणि नवव्या दिवसापासून बोलायचे थांबले. नीलेशची बायको मेघा, म्हणजे मोहिनीची जाऊ, नवऱ्यामागं सावंगीला राहायला गेली. जावा जावा भांडल्या नव्हत्या. पण नवरे बोलत नसताना आपण कसं बोलायचं, या विचारानं दोघीही थांबल्या, आणि आधी फोन कोणी करायचा यावर तीन महिने निघून गेले.

"काय वं मोहिनी, आटोपलं का नाई तुह्यं?" सुलोचनाबाई आत आल्या. या मोहिनीच्या सासऱ्यांच्या धाकट्या बहीण, घराच्या आत्याबाई. हिंगणघाटहून पहिल्या बसनं आल्या होत्या आणि तेव्हापासून प्रत्येक खोलीत एकदा डोकावून झाल्या होत्या.

"आलीच आत्याबाई. हुक लागून नाई राह्यलं."

"नाई लागून राह्यलं?" आत्याबाईंनी चष्मा नाकावर सरकवला. "बारा किलो उतरली म्हनते ना तू? मंग बिलाऊज तं झोळीसारखं लोंबलं पाह्यजे. का त्याचंबी वजन वाढलं बाप्पा?"

"नवं कापड आहे आजी, पहिल्या धुण्यात आटलं," गुंजन मध्येच बोलली. मोहिनीची ही लेक सावंगीला फिजिओथेरपी शिकत होती. खोटं बोलायची वेळ आली की इतकी शांत व्हायची, की मोहिनीला तिच्या भविष्याची काळजी वाटे.

"आटते, आटते. आमच्या टाइमालेबी कापड असंच आटे. पंचमीले, दिवाळीले, संक्रांतीले." आत्याबाईंनी दोन्ही टोकं ओढून हुक लावून दिला आणि पाठीवर थाप मारली. "आता सास नको घेजो दुपारलोक."

आत्याबाई गेल्यावर गुंजननं दार लोटलं.

"आई, किती?"

"काय किती?"

"मले नको सांगू, पण सांग."

"अठ्ठ्याऐंशी."

गुंजननं डोळे मिटले. "माय वं. आणि आजीनं चाळीस माणसं बोलावली."

"सांगणार होती मी. रोज सकाळी ठरवे, आज आईले सांगायचं. पण सकाळी उठून त्या भेल्या निवडत बसलेल्या दिसत. ही काळपट आहे, ही खारट आहे, माह्या सुनेले असा गूळ नाई चालत. कसं सांगू?"

"पप्पाले माहीत आहे?"

"त्याइले? मी एखाद्या दिवशी घरात नसली तरी त्याइले दोन दिवसांनी समजते."

हे बोलणं अन्यायाचं होतं, आणि ते तासाभरातच सिद्ध व्हायचं होतं.

अंगणात एका कोपऱ्यात गोवऱ्यांचा आर पडला होता आणि त्यात कणकेचे रोडगे भाजत होते. रोडगे, वांग्याची भाजी, वरण आणि तूप, नवसाचं जेवण ठरलेलं. आराजवळ नीलेश लांब चिमटा घेऊन उभा होता. धाकट्याला बोलावलं नाही असं लोक म्हणायला नको, म्हणून मनकर्णाबाईंनी त्याला रोडग्यांवर नेमला होता. धर्मेंद्र बरोबर समोरच्या कोपऱ्यात, गुळापाशी. मधे चाळीस माणसं आणि एक तराजू. दोघं भाऊ एकमेकांचा निरोप तिसऱ्याकडून पाठवत होते. "त्याले सांग, धूर इकडे येऊन राह्यला." "त्याले सांग, हवा माह्या हातात नाई."

मेघा बायकांच्या घोळक्यात उभी होती. मोहिनीनं तिच्याकडे पाहिलं तेव्हा तिनं साडीच्या निऱ्या नीट करायला घेतल्या, ज्या आधीच नीट होत्या.

धर्मेंद्र डोमाजीच्या कानाशी काहीतरी बोलत होता. डोमाजीनं मान हलवली, नाही म्हणून. धर्मेंद्रनं त्याच्या खांद्यावर हात ठेवून पुन्हा काहीतरी सांगितलं. डोमाजीनं आधी आभाळाकडे पाहिलं, मग आत जाऊन एक जाडजूड पोतं आणलं आणि गुळाच्या पारड्यात अंथरलं. गुळाला लाकूड लागू नये म्हणून असेल, असं मोहिनीला वाटलं.

"बस माय," मनकर्णाबाई म्हणाल्या. त्यांनी नवं लुगडं नेसलं होतं. त्यांनी मोहिनीच्या पायांवर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं, आणि सासू असून सुनेला हात जोडले, तेव्हा मोहिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती पारड्यात मांडी घालून बसली. साखळ्या करकरल्या आणि पारडं जमिनीला टेकलं.

"मी मागून धरते पारडं, झोक जाईन नाही तं," असं म्हणत मेघा पाठीमागे येऊन खाली बसली. ती असं कोणालाही उद्देशून म्हणाली नव्हती.

डोमाजीनं पहिली भेली उचलली. "लाभ," तो म्हणाला. पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, ही दुकानाची रीत. मग दुसरी. मग तिसरी. चौथीपर्यंत बायका गाणं म्हणत होत्या. पाचवी ठेवली. मोहिनी डोळे मिटून बसली होती. अजून तीन, आणि मग काहीच होणार नाही, पारडं हलणार नाही, आणि मग सासूबाई विचारतील. काय सांगायचं?

डोमाजीनं सहावी भेली ठेवली आणि मोहिनी उचलली गेली.

चांगली वीतभर उचलली गेली. घोळक्यातलं गाणं मध्येच थांबलं.

"साठ?" कोणीतरी म्हणालं.

"साठ किलोची तं ही लग्नाच्या मांडवातबी नव्हती," आत्याबाई म्हणाल्या. "पाह्याले मीच गेलती. तवाच मी वयनीले म्हनलं होतं, पोरगी खात्यापित्या घरची हाये."

लोक हसले. पण सेलूहून आलेले भैयाजी हसले नाहीत. ते स्वतः धान्याचे व्यापारी. पुढे येऊन त्यांनी दांडीकडे पाहिलं. "वासुदेवरावाचा काटा म्हनत होते लोकं, अख्ख्या बाजारात एक नंबर. अठी तं वीस किलोचा फरक पडून राह्यला."

मनकर्णाबाईंचा चेहरा उतरला. वासुदेवराव म्हणजे त्यांचे यजमान, मोहिनीचे सासरे. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती, पण दुकानात कोणी माप तपासून पाहायला लागलं की अजून लोक म्हणत, राहू द्या, वासुदेवरावचा काटा आहे.

तेवढ्यात मोहिनीच्या मांडीखाली, फळीला बांगड्या आपटल्याचा आवाज झाला. तिनं मान वळवली. मेघा दोन्ही हात पारड्याखाली घालून, ओठ चावून, लालबुंद होऊन जोर लावत होती.

"काय करून राह्यली वं तू?" मोहिनी कुजबुजली.

"हलू नोका ताई. अजून दोन भेल्या राह्यल्या." तीन महिन्यांतलं त्या दोघींचं हे पहिलं बोलणं.

"सोड. साठवर आणलं तू मले."

"साठ?" मेघानं दचकून हात काढले. पारडं धाडकन खाली आलं आणि मोहिनीच्या गुडघ्यांनी डॉक्टरांची आठवण काढली. "माहा हात लागला होता मामंजींच्या काट्याले," मेघा उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "काट्याची चुकी नाई. पुन्हा पाहा."

डोमाजीनं सातवी भेली ठेवली. मग आठवी. दांडी हलली, थरथरली, आणि गुळाचं पारडं अलगद खाली गेलं. गूळ दोन बोटं जड. त्याहून शुभ काही नसतं.

"ऐंशी!" धर्मेंद्र जरा जास्तच मोठ्यानं ओरडला.

टाळ्या पडल्या. भैयाजींनीसुद्धा मान डोलावली. मनकर्णाबाईंनी दोन्ही हात जोडून गिरडच्या दिशेनं नमस्कार केला आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "बाबा पावला रे. आन ह्याइचा काटा," त्या तराजूच्या दांडीवर हात फिरवत म्हणाल्या, "आजलोक कवा खोटा नाई बोलला."

मोहिनी जमिनीपासून दोन बोटं वर तरंगत होती. मेघाचे हात आता खाली नव्हते, हे तिला ठाऊक होतं. ती अठ्ठ्याऐंशी होती, हेही ठाऊक होतं. तिनं डोमाजीकडे पाहिलं. माप झालं की काट्याकडे निरखून पाहायची त्या माणसाची सवय, तो आज आपल्या पायांकडे पाहत होता. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. धर्मेंद्र रोडग्यांची चौकशी करत होता, तीसुद्धा थेट नीलेशकडे, म्हणजे तो पुरता घाबरलेला होता.

गप्प बसली असती तर सगळं निभावलं असतं. गुळाची गाडी गिरडला गेली असती, लोक रोडगे खाऊन घरी गेले असते, आणि काचेच्या काट्यात सेल पडला नसता तर कोणाला कधी कळलंही नसतं. तिला फक्त हसायचं होतं. पण सासूबाईंचा हात अजून दांडीवर होता, आणि त्या हाताखाली खोटं माप ठेवून तिला हसता येईना.

"डोमाजी," ती म्हणाली, "पोतं उचला."

"राहू द्या ना वयनीबाई."

"उचला."

डोमाजीनं भेल्या बाजूला केल्या आणि पोतं उचललं. खाली दहा किलोचं लोखंडी वजन होतं, काळं कुळकुळीत, त्यावर वासुदेवरावांच्या हातानं ठोकलेला दुकानाचा शिक्का.

मग धर्मेंद्र पुढे आला. दुकानात गिऱ्हाईक चढ्या आवाजात बोललं तरी ज्याच्या कपाळावर आठी येत नसे, तो आता कानापर्यंत लाल झाला होता.

"मी ठेवलं. डोमाजीले कोणी काही बोलू नोका. तो नाईच म्हणत होता."

"तुमाले माहीत होतं?" मोहिनीनं विचारलं.

"तांदूळ काढाले गेलो तं सेल हातात आला." तो खाली पाहत म्हणाला. "म्या परत ठेवून देल्ला. तू लपवला, म्हंजे काही असन कारण. मंग अंदाज केला. आठ-दहाचा."

आराजवळून नीलेशचा आवाज आला. "दादा, बाबाच्या काट्यावर मापात दांडी मारली तू? दहाची?"

"तुह्या बायकोनं किती मारली ते विचार आधी!"

"अठराची," डोमाजी म्हणाला. हिशेब विचारला की त्याला राहवत नसे.

कोण आधी हसलं ते कळलं नाही. आत्याबाई असाव्यात, कारण त्यांनाच शेवटी धरून बसवावं लागलं. "एकाले दुसऱ्याचा पत्ता नाई, आन दोघंबी चोर! आजून एकाचा हात लागला असता तं पोरगी पत्र्याले चिकटली असती!" नीलेश चिमटा हातात घेऊन पोट धरून हसत होता आणि धर्मेंद्र त्याला "हसू नको बे बह्याडा" म्हणता म्हणता स्वतः हसत होता. दसऱ्यानंतर दोघं भाऊ पहिल्यांदाच एकाच गोष्टीला हसत होते.

फक्त मनकर्णाबाई हसल्या नाहीत. त्या सुनेकडे पाहत होत्या.

"किती हाये तू?"

"अठ्ठ्याऐंशी, आई."

"भादव्यात तं ऐंशी होती."

"होती."

"मंग काऊन?"

मोहिनी पारड्यातून उतरली आणि ओट्याच्या कडेला बसली. गुंजनच्या कॉलेजमधल्या आहाराच्या बाईंनी तिला वर्षभरापूर्वी एकच काम दिलं होतं. काही तोंडात टाकायच्या आधी हात थांबवायचा आणि स्वतःला विचारायचं, भूक पोटात आहे का दुसरीकडे? तेव्हा मोहिनीनं घरी येऊन मेघाला ते सांगितलं होतं आणि दोघी खूप हसल्या होत्या. दुसरीकडे कुठी लागते वं भूक, गुडघ्यात? मग तो त्यांचा खेळच झाला. मेघा चिवड्याच्या डब्याला हात घालणाऱ्या मोहिनीला विचारायची, ताई, पोट का गुडघा? हसण्यात डबा बंद व्हायचा. बारा किलो असे गेले होते, पण ते कसे गेले हे मोहिनीला आत्ता, या चाळीस माणसांसमोर बसल्यावर कळत होतं.

"आई, सगळ्याइचं जेवण झाल्यावर मी आन मेघा बसत होतो जेवाले. तीन वाजता. एकोणीस वर्षं. तुमाले माहीत आहे, आमी दीड दीड तास बसत होतो."

"माहीत हाये. ताट वाळून जात होते."

"खातच नव्हतो आमी. बोलत होतो. तुमचं, ह्याइचं, भाऊजीचं, आत्याबाईचं, सगळ्याइचं वाईट बोलून घेत होतो."

"माह्यं काय वाईट बोलत होत्या?" आत्याबाईंनी विचारलं.

"ते मागून सांगतो आत्याबाई, लंबं आहे." कोणीतरी फिसकन हसलं. मोहिनी हसली नाही. "आता मी एकटी बसतो. तीन वाजले की कसं तरी होते. एक पोळी खातो, पोट भरते. पण उठवत नाई. मंग शेव काढतो, मंग लाडू, मंग सकाळचा भात. तोंड तं तेच आहे ना. त्यातून बोलणं निघत होतं, ते बंद झालं, तं मी त्यात भरत गेली. भूक नव्हती आई. एक दिवसही नव्हती. मले मेघाची आठवण येऊन राह्यली होती, आन मी लाडू खाऊन राह्यली होती."

हे शेवटचं बोलताना तिचा आवाज फाटला. तिला स्वतःलाही अपेक्षा नव्हती. चाळीस माणसांसमोर, नवसाच्या दिवशी, मोठ्या घरची मोठी सून पदराला नाक पुसत रडायला लागली.

मेघा तिथंच पुन्हा जमिनीवर बसली होती. "तुले कसं कळलं वं, माह्यं वजन वाढलं ते?" असं मोहिनीनं नंतर कधीतरी तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, कासारानं सांगितलं. बांगड्या भरताना तो म्हणाला होता, तुमच्या जाऊबाई पुन्हा मोठ्या मापावर आल्या. ते ऐकून मेघा त्याच्याच दुकानात रडली होती. पण हे सगळं पुढचं. आत्ता मेघा सरकत आली आणि मोहिनीच्या पायाला टेकून बसली.

मनकर्णाबाई ओट्याकडे वळल्या. एका भेलीचा कोपरा त्यांनी दगडानं फोडला आणि बोराएवढा खडा घेऊन मोहिनीच्या तोंडाशी धरला. या घरात कोणी रडलं की असंच होई. लेकरू पडलं, गूळ. परीक्षेत नापास झालं, गूळ. वासुदेवराव गेले त्याच्या चौदाव्या दिवशी मनकर्णाबाईंच्या स्वतःच्या तोंडात त्यांच्या थोरल्या लेकानं असाच खडा घातला होता, आणि त्यांनी मुकाट्यानं चघळून रडणं थांबवलं होतं.

"घे माय. नोको रडू. तोंड गोड कर."

मोहिनीनं तो खडा पाहिला. नवा गूळ, सोनेरी, तोंडाला पाणी सुटावं असा. तेवीस वर्षांत तिनं या हाताला कधी नाही म्हटलं नव्हतं.

"आई," ती म्हणाली, "आत्ता भूक नाई."

ते अगदी हळू म्हटलं होतं, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. मनकर्णाबाईंचा हात तसाच राहिला. त्यांना राग आला नव्हता. त्यांना खरोखरच कळेना, की रडणाऱ्या माणसाच्या तोंडात गूळ घालायचा नाही तर मग काय करायचं.

"मंग मी काय करू?" त्यांनी विचारलं.

"बसा इथी."

त्या बसल्या. नवं लुगडं गोवऱ्यांच्या राखेत गेलं तरी बसल्या. त्या हातातल्या गुळाकडे पाहत होत्या.

"मले दुपारी झोप येत नाई," त्या एकदम म्हणाल्या. "हे गेल्यापासून नाईच येत. आतल्या खोलीत पडून राह्यतो मी. तीन वाजता तुह्यावाल्या डब्याचं झाकण वाजते. मंग दुसऱ्याचं. मंग पितळी डब्याचं. रोज आयकत होती मी."

मोहिनीनं चमकून वर पाहिलं. "मंग बोलल्या काऊन नाई?"

"मले वाटे," मनकर्णाबाई म्हणाल्या, "खाऊन राह्यली, म्हंजे सुखात हाये."

आराजवळ नीलेशनं चिमटा खाली ठेवला. धर्मेंद्रनं तोंड फिरवलं.

या घरात सकाळ-संध्याकाळ, फोनवर, दारात, दवाखान्यातसुद्धा विचारायचा प्रश्न एकच होता, जेवली का. दुसरा कोणता प्रश्न मोहिनीनं सासूच्या तोंडून ऐकला नव्हता. मनकर्णाबाईंनी गुळाचा खडा ओट्यावर ठेवला, चिकट बोटं लुगड्याला पुसली, आणि नवीन भाषा बोलायला घेतल्यासारखं अडखळत विचारलं, "कशी हायेस वं तू?"

मग मोहिनी सांगायला लागली. गुडघ्यांपासून सुरुवात केली आणि दसऱ्यापर्यंत आली, आणि दसऱ्याच्या मागे जात जात पार लग्नापर्यंत गेली. मनकर्णाबाई मध्ये मध्ये म्हणत होत्या, हाव, हाव. पानं मांडून झाली होती, रोडगे निवत चालले होते. चाळीस माणसं पत्र्याखाली उभी होती, आणि त्या दिवशी त्या अंगणात कोणी कोणाला चला जेवायला म्हणालं नाही.